दहावीची बॅच

तालुक्याच्या गावातील हायस्कुलात एक वर्ग पाचवीला एकत्र येतो, दहावीला पांगतो आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षे स्वतःला 'अमक्या सालची बॅच' म्हणवतो. महाराष्ट्रात ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की ती फार जुनी वाटते. प्रत्यक्षात तिचे वय थोडे आहे. साठ-सत्तर मुलामुलींनी एकाच शाळेत सहा वर्षे काढायची आणि बरोबरीने बाहेर पडायचे, तर चालत किंवा एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर हायस्कूल हवे, शेतकऱ्याला फी झेपायला हवी आणि मुलगी मोठी झाली तरी तिचे दप्तर सुटायला नको. लहान गावांत या गोष्टी जुळून आल्या त्या स्वातंत्र्यानंतर, आणि त्याही एकदम नाही.

त्याआधीच्या पंतोजीच्या शाळेत आजच्या अर्थाने वर्गच नव्हता. देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या पडवीत सहा वर्षांचा आणि बारा वर्षांचा मुलगा शेजारी बसत. एक धुळपाटीवर अक्षरे गिरवी, दुसरा मोडी लिही, तिसरा पाढे म्हणे. ज्याचे जेवढे शिकून होई तेवढ्यावर तो घरच्या धंद्याला लागे. इंग्रजी अमदानीतील सरकारी शाळांनी इयत्ता आणल्या, वार्षिक परीक्षा आणली, पण खेड्यातील शिक्षण सातवीला, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलला संपे. 'फायनल' झालेला मुलगा तलाठी किंवा प्राथमिक शिक्षक होऊ शके आणि गावात त्याला मान असे. मॅट्रिक मात्र दूरची गोष्ट होती. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा घेतली, तेव्हा २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी हायस्कुले निघाली. खेड्यातला मुलगा तिथे जाई तो नातेवाइकाकडे राहून, नाहीतर वार लावून आणि माधुकरी मागून. त्याचे वर्गमित्र वेगवेगळ्या गावांचे आणि अर्थातच बहुतेक एकाच सामाजिक थरातले असत.

हे चित्र बदलण्यात वसतिगृहांचा वाटा मोठा आहे, आणि तो शाळांइतकाच मोलाचा मानला पाहिजे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग काढले. या बोर्डिंगातली मुले स्वतः दळत, भाकऱ्या थापत, पाणी भरत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, अगदी मंगळसूत्रही. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि त्यानंतर संस्थेची हायस्कुले आडगावांपर्यंत पोहोचली. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला सुरू केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि दक्षिण महाराष्ट्रात बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेली विवेकानंद शिक्षण संस्था यांनीही हेच काम केले. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात मराठीतून शिकवणारी खासगी शाळा चालवणे हाच एक लढा होता. १९२१ मध्ये हिप्परग्याला निघालेली राष्ट्रीय शाळा त्याच लढ्यातली.

खानदेशातील अमळनेर हे या इतिहासातले आणखी एक ठिकाण. साने गुरुजी १९२४ मध्ये तेथील हायस्कुलात शिक्षक झाले, छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे, आजाऱ्याजवळ बसणे हे ते करीत आणि मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक रोज स्वतः लिहीत. १९३० मध्ये सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. जेमतेम सहा वर्षांचा हा काळ, पण त्या छात्रालयातले विद्यार्थी पुढे आयुष्यभर एकमेकांना धरून राहिले आणि त्यांच्यातले अनेक जण स्वातंत्र्यलढ्यातही उतरले. एकत्र राहून शिकलेल्या मुलांचे नाते किती टिकू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एसएससीने घेतली. तिची पहिली परीक्षा १९४९ मध्ये झाली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. साठच्या दशकात आर्थिकदृष्ट्या मागासांना, म्हणजे ईबीसीखाली, फीमाफी मिळू लागली. शेतकऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलाला हायस्कूल खुले झाले ते या सवलतीमुळे. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभरच्या मुलांच्या हातात एकच पाठ्यपुस्तक आले. आज पन्नाशी-साठी गाठलेले दोन अनोळखी मराठी लोक एखाद्या धड्यावरून क्षणात गप्पांना लागतात, त्याचे मूळ इथे आहे.

आधी एसएससी अकरावीला असे. १० + २ + ३ हा आकृतिबंध आल्यावर १९७५ मध्ये दहावीच्या पहिल्या तुकडीने बोर्डाची परीक्षा दिली आणि जुन्या अकरावीची शेवटची तुकडीही त्याच वर्षी बसली. एकाच शाळेतून एकाच उन्हाळ्यात दोन बॅचेस बाहेर पडल्या. बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये झाली. 'दहावीची बॅच' असे जे आज म्हटले जाते ते या बदलानंतरचे. त्याआधीचे लोक 'आम्ही अकरावी मॅट्रिक' असे आजही ठासून सांगतात.

वर्गाचा खरा दस्तऐवज म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. जाड पुठ्ठ्याच्या या आडव्या वहीत विद्यार्थ्याचा अनुक्रमांक, पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिवस, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. जुन्या रजिस्टरात जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवले तर '१ जून' पुन्हा पुन्हा भेटतो. गावोगावी जन्माची नोंद नसे. पालक सांगत, मूल दुष्काळाच्या साली झाले किंवा जत्रेच्या आसपास झाले. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून गुरुजी हिशेब करून वय बसवत आणि १ जून लिहीत. त्यामुळे एकाच वर्गातील कितीतरी जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि सरकारी नोकरीतून ते निवृत्तही एकाच दिवशी होतात. वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेकांपुढे 'चांगली' असते. कारणाच्या रकान्यात मात्र फरक दिसतो. 'एसएससी उत्तीर्ण' ही नोंद सर्वांच्या वाट्याला येत नाही. 'सतत गैरहजर', 'पालकांची बदली', 'घरगुती अडचण' अशा नोंदींनी मधली पाने भरलेली असतात.

शाळेचे वर्ष जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होई. वरच्या वर्गातील मुलांकडून जुनी पुस्तके निम्म्या किमतीत घ्यायची, त्यांना खाकी कागदाची कव्हरे घालायची, हा पहिला उद्योग. गणवेश म्हणजे पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी, मुलींना निळा स्कर्ट. बरीच मुले अनवाणी येत. बाके वरच्या वर्गांना मिळत, खालच्यांना बस्कर. मुली एका बाजूला बसत, आणि अनेक शाळांत मधल्या सुट्टीनंतर सर वर्गात शिरेपर्यंत त्या आपल्या वेगळ्या खोलीतच थांबत. सहा वर्षे एका वर्गात काढून मुलामुलींनी एकमेकांशी एक वाक्यही न बोलणे ही सर्वसाधारण गोष्ट होती. दसऱ्याच्या आधी पाटीवर सरस्वती काढून पूजन होई, दिवाळीआधी सहामाही, नंतर लाल एसटी ठरवून सहल आणि डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग. ज्यांनी कधी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले नव्हते त्यांनी रायगड, वेरूळ किंवा समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. सहलीची वर्गणी भरता न आल्याने मागे राहिलेलेही प्रत्येक वर्गात असत.

फेब्रुवारीत निरोप समारंभ होई आणि त्या दिवशी वर्गाचा फोटो काढला जाई. तालुक्यातला छायाचित्रकार तिवईवर कॅमेरा लावी. मधल्या खुर्च्यांवर शिक्षक, त्यांच्या पायाशी मुली, मागे बाकावर उभी मुले. पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो फोटो सगळ्यांनाच घेता येत नसे. मग परीक्षा. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर मुले शिदोरी घेऊन तिथे मुक्कामाला जात. जूनमध्ये निकालाचे नंबर वर्तमानपत्रात छापून येत आणि एसटी स्टँडवर एका पेपराभोवती सबंध वर्ग गोळा होई. बहुधा तो वर्ग पुरता एकत्र आलेला शेवटचा दिवस तोच.

त्यानंतरच्या वाटा काळाप्रमाणे बदलत गेल्या. ज्यांना कॉलेज झेपले ते जिल्ह्याला गेले. काही डीएडला, काही पोलिसात, फौजेत किंवा एसटीत लागले. घाटावरच्या आणि कोकणातल्या जुन्या तुकड्यांतील बरेच जण मुंबईच्या गिरण्यांत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि ती वाट जवळजवळ मिटली. पुढच्या बॅचेस पिंपरी-चिंचवड आणि ठिकठिकाणच्या एमआयडीसीकडे वळल्या. शेतीत राहिलेले गावातच राहिले आणि शाळेशी रोजचा संबंध त्यांचाच उरला.

या काळाची आठवण मराठी साहित्यात येणे स्वाभाविक होते. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ मध्ये आली. आणीबाणीच्या काळातील लहान शहरातला नववीचा वर्ग तिच्या केंद्रस्थानी आहे. तिच्यावर पुढे नाटक आणि चित्रपटही झाला. नववीतल्या मुलांचे विश्व प्रौढ वाचकाने इतक्या गंभीरपणे वाचावे, हे मराठीत नवे होते.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आधीही होत, पण ते शाळेचे असत, सुवर्णमहोत्सवासारख्या निमित्ताने भरवलेले. एकेका बॅचने स्वतःचा मेळावा घेण्याची रीत पसरली ती स्मार्टफोन आणि व्हॉट्सॲप गावोगाव पोहोचल्यावर. आता तिला ठरलेला क्रम आला आहे. दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात तारीख धरतात. सकाळी घंटा होते, राष्ट्रगीत आणि प्रार्थना होते, थकलेले शिक्षक हजेरी घेतात, पन्नाशीतले लोक 'हजर सर' म्हणतात. दिवंगत शिक्षकांना आणि वर्गमित्रांना आदरांजली वाहतात. शिक्षकांना शाल-श्रीफळ देतात, मग जेवण आणि ओळखींचा कार्यक्रम. शाळेला पाण्याचा फिल्टर, बाके किंवा प्रोजेक्टर दिला जातो. सहा वर्षे न बोललेली मुले-मुली इथे पहिल्यांदा मोकळेपणाने बोलतात. अनेक बॅचेस आजारी मित्राच्या उपचारासाठी किंवा मागे राहिलेल्या कुटुंबासाठी वर्गणी काढतात, आणि मेळाव्याचे सर्वांत टिकाऊ फळ तेच आहे.

मेळाव्यातल्या आठवणी मात्र सर्वांच्या सारख्या नसतात. शिष्यवृत्तीसाठी वर्गात मोठ्याने नाव आणि जात पुकारली जात असे, त्या क्षणाची आठवण पुकारल्या गेलेल्या मुलाला राहते, शेजारच्याला बहुधा नाही. ज्या माठातले पाणी दुसऱ्याकडून वरून ओतून घ्यावे लागे तो माठही तसाच. अलीकडच्या मेळाव्यांत हे बोलले जाऊ लागले आहे आणि बाकीचे ऐकून घेतात.

यादी करणे हे सर्वांत किचकट काम असते. मुलगे सापडतात, मुलींची आडनावे लग्नानंतर बदललेली, काहींची सासरी नावेही बदललेली. मग माहेरच्या गल्लीत भावाला गाठायचे, त्याच्याकडून नंबर घ्यायचा, आणि फोन उचलणाऱ्या सासरच्या माणसाला हा कसला कार्यक्रम ते समजावून सांगायचे. दहावीच्या निकालावरून यादी केली की आठवीत लग्न झालेली मुलगी आणि ऊसतोडीला गेल्यामुळे नाव कमी झालेला मुलगा तिच्यात येत नाहीत, म्हणून काही बॅचेस पाचवीच्या हजेरीपासून सुरुवात करतात. शाळेचे लिपिक जुने रजिस्टर काढून देतात, नावे उतरवून घेतली जातात आणि ज्यांनी दहावीचा उंबरठा कधी पाहिला नाही त्यांच्याही घरी निमंत्रण जाते.