म्युनिकच्या बिअरबागेतील घरची शिदोरी

म्युनिकच्या ऑगस्टिनर-केलरसारख्या बागेत बिअर तिथलीच घ्यावी लागते, खाणे मात्र घरून आणता येते. या रिवाजामागे पोटापाण्याचा एक तंटा आहे.

१५३९च्या बव्हेरियन फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवण्यास मनाई केली. उन्हाळ्यात भट्टीच्या आगीचे भय मोठे. म्हणून उन्हाळ्याची बिअर आधीच बनवून तळघरात साठवावी लागे. पुढे तळघरे थंड राहावीत म्हणून त्यांवर दाट पानांचे चेस्टनट लावले गेले. या झाडाची मुळे उथळ, त्यामुळे खालच्या कमानींनाही धोका नाही. मग त्याच सावलीत बाके मांडून कारखानदार थेट पेले विकू लागले. गिऱ्हाईक तिकडे वळले आणि शहरातल्या खानावळवाल्यांनी राजाकडे धाव घेतली.

राजा माक्स योझेफने ४ जानेवारी १८१२ रोजी तोडगा काढला: कारखानदारांनी बिअर खुशाल विकावी, पण सोबत पावाखेरीज काही देऊ नये. खवय्यांनी मात्र दोघांनाही चकवले. ते शिदोरी बांधूनच येऊ लागले!

ती बंदी केव्हाच उठली. १९९५मध्ये एका बागेला लवकर बंद करण्याचा न्यायालयीन आदेश निघाला, तेव्हा हजारो लोक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले. त्यानंतर १९९९च्या बव्हेरियन नियमावलीने घरची शिदोरी ही बिअरबागेची ओळखच मानली.