मिरजेची गाडी आणि कोलोमियाची गाडी

१९४३ पासून मिरज जंक्शनावरून कोल्हापुरानजीकच्या वळिवडे गांवीं पोलिश निर्वासित येऊं लागले. सुमारें ५,००० लोक, त्यांत बायकामुलेंच फार. १९४८ पर्यंत ते तेथें राहिले, आणि त्यांच्यांतील आजाऱ्यांची सोय आमच्या सातारा जिल्ह्यांत पांचगणीस झाली. हिटलरच्या भयानें हे लोक पळून आले अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यांत गेल्यावर, १९४० च्या फेब्रुवारीपासून, रशियन पोलिसांनींच त्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंडून सैबेरियाकडे नेलें होतें. पुढें १९४१ सालीं जर्मनीनें रशियावर चढाई केली तेव्हां त्यांची सुटका झाली, व इराणमार्गें ते हिंदुस्थानांत पोंचले.

पण त्याच पूर्व पोलंडांत मागें राहिलेल्या ज्यू शेजाऱ्यांचें काय झालें? कार्पेथियन डोंगराच्या पायथ्याकडे कोलोमिया हें शहर आणि कुटी, कोसूव हीं लहान बाजारगांवें आहेत; हल्लींच्या नकाशांत तीं युक्रेनमध्यें पहावींत. कोलोमियांत जर्मनांनीं १९४२ च्या मार्चांत 'घेटो' केला, म्हणजे ज्यूंना कोंडण्याची वेगळी पेठ. सप्टेंबरांत आसपासच्या गांवांतील सुमारें १,५०० ज्यूंना पायीं हांकीत तेथें आणलें. कुटीपासूनची चाल ५० किलोमीटरांची. आपल्या साताऱ्याहून कऱ्हाडास जावें तितकी. रात्र तुरुंगाच्या आवारांत गेली. १० सप्टेंबरच्या सायंकाळीं ५१ डब्यांची गाडी ८,२०५ माणसें घेऊन बेल्झेककडे निघाली. सुमारें २,००० वाटेंतच मेलीं. बेल्झेक येथें विषारी वायूनें माणसें मारण्याचें ठाणें होतें, आणि त्या वर्षाअखेर तेथें ४,३४,००० हून अधिक ज्यू नेले गेले.

गाडीचे हे आंकडे जर्मन पोलिसांच्याच अहवालांतले आहेत. अधिकाऱ्याची तक्रार एवढीच कीं, डबे फार भरले, उष्मा कडक होता, त्यामुळें पहारा राखणें जड गेलें!

दोन्ही प्रकारांस आपण 'हद्दपारी' हा एकच शब्द लावतों. मला तें पटत नाहीं. १९४० च्या जूनमध्यें रशियनांनीं ज्यांना नेलें त्यांत बहुसंख्य ज्यूच होते. जर्मन अंमलांतून पळून आलेल्या ह्या लोकांनीं रशियन नागरिकत्व नाकारून घरीं परतण्यासाठीं नांवें नोंदविलीं होतीं. म्हणून त्यांना उत्तरेच्या रानांत लांकडें तोडण्यास धाडलें. भुकेनें व रोगराईनें तेथें पुष्कळ दगावले, तरी बहुतेक जगले. ज्यांनीं नागरिकत्व पत्करलें ते मागें राहिले, आणि १९४१ च्या उन्हाळ्यांत जर्मन फौजांच्या हातीं सांपडले.