केस रंगवण्याचा दर: बलुत्यापासून दरफलकापर्यंत

केस रंगवण्याला पैशात मोजलेला स्वतंत्र दर लागणे ही महाराष्ट्रात अलीकडची गोष्ट आहे. केस रंगवणे मात्र जुने. मेंदी, नीळ, माका, आवळा ही घरातली सामग्री. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली मेंदी घरच्याच माणसांनी डोक्याला थापायची, त्यात मजुरीचा प्रश्नच येत नसे. न्हाव्याचा व्यवसायही तितकाच जुना, पण त्याचा मोबदला कामागणिक ठरत नसे. या दोन जुन्या गोष्टी विसाव्या शतकात सलूनमध्ये एकत्र आल्या आणि तेव्हा दराचा प्रश्न उभा राहिला: दर कोण ठरवणार, तो कशावरून ठरणार आणि गिऱ्हाइकाला तो कधी कळणार?

गावगाड्यात न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक होता. बलुतेदारांच्या तीन ओळी मानल्या जात आणि पीक निघाल्यावर कुणाच्या पदरात किती धान्य पडायचे ते ओळीवर ठरे. बहुतेक याद्यांत न्हावी मधल्या ओळीत येतो. घरातल्या पुरुषांची हजामत, पोरांचे जावळ, मुंजीतले क्षौर, लग्नात नवरदेवाची दाढी, प्रसंगी मालिश, रात्रीच्या वेळी पाहुण्यांपुढे मशाल धरणे, ही सगळी कामे त्याच्याकडे असत. मोबदला वर्षातून एकदा, सुगीत, खळ्यावर. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. बलुते देताना-घेताना होणाऱ्या कुरबुरीही त्यात सुटलेल्या नाहीत.

त्या काळच्या न्हाव्याची धोकटी उघडून पाहिली तर दराच्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा हाती लागतो. वस्तरा, कात्री, नख काढायची नराणी, चिमटा, धारेचा दगड, वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी, आरसा. यातले काहीही एका गिऱ्हाइकामागे संपत नाही. दाढी भिजवायला पाणी पुरते आणि ते गिऱ्हाइकाच्याच घरचे असते. म्हणजे हजामतीच्या मोबदल्यात फक्त हात आणि वेळ मोजायचा होता, माल मोजायचा नव्हता. त्यामुळे वर्षाचे बलुते ठरवणे दोन्ही बाजूंना शक्य होते.

ही पद्धत पारदर्शक होती, कारण कुणाला काय मिळते ते सगळ्या गावाला ठाऊक असे. न्याय्य मात्र ती नव्हती. दुष्काळात पीक बुडाले की वर्षभराच्या कामाचा मोबदलाही बुडे. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना ही सेवा कोणत्याही मोबदल्यात मिळत नसे. ज्याला दारातच उभे केले जात नाही त्याच्यासाठी दर माहीत असण्याला काहीच अर्थ उरत नाही. दराच्या कोणत्याही चर्चेच्या आधी हा प्रश्न येतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली, गिरण्या आल्या, आणि गावची शेती सोडून आलेल्या कामगाराकडे द्यायला धान्य नव्हते, पगाराची नाणी होती. नाभिक कारागीरही शहरात आले आणि एकेका हजामतीचे रोख पैसे घेऊ लागले. बलुत्याचे नाते इथे सुटले. शहरात हा समाज संघटित होऊ शकतो हे १८९० मध्ये दिसले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला. केशवपन हे त्यांच्या मिळकतीचे काम होते, तरी ते त्यांनी नाकारले. एखादी सेवा द्यायची की नाही हे कारागिरांनी एकत्र बसून ठरवण्याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.

दुकान सर्वांना खुले असण्याचा प्रश्न कायद्याने सुटायला स्वातंत्र्य यावे लागले. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सार्वजनिक ठिकाणी भेदभावाला बंदी घालणाऱ्या कलमावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दात हजामतीचे सलून आणि लाँड्री येते का, असा सवाल झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा अर्थ व्यापक लावला: जिथे मालक येईल त्या कुणालाही सेवा द्यायला तयार असतो ते दुकान. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात ‘दुकान’ या संज्ञेत केशकर्तनालयाचा स्पष्ट उल्लेख झाला. भिंतीवरच्या दरफलकाला खरा अर्थ आला तो यानंतर. समोर बसलेल्या प्रत्येकाला तोच दर, या गोष्टीच्या बाजूने आता निदान कायदा उभा होता.

दरफलकाची रीत गावोगावच्या नाभिक संघटनांनी घट्ट केली. तालुक्याच्या किंवा शहराच्या संघटनेने बैठक घ्यायची, दाढी, कटिंग, लहान मुलांची कटिंग, मालिश यांचे दर ठरवायचे आणि संघटनेच्या नावाचा छापील तक्ता प्रत्येक सलूनमध्ये आरशाशेजारी लावायचा. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आण्यांचे आकडे पैशांत लिहिले गेले. दरवाढ बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला होई आणि तिची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात छापून येई. साबण, ब्लेड, वीज, जागेचे भाडे यांची महागाई हे तिचे नेहमीचे कारण.

या तक्त्याने दोन्ही बाजूंचे भले केले. गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी दर वाचू शकत होते, आणि एकट्या कारागिराला ‘समोरचा दोन रुपये कमी घेतो’ या दबावाला बळी पडावे लागत नव्हते. २००२ च्या स्पर्धा कायद्याने मात्र स्पर्धकांनी संगनमताने दर ठरवण्याला आक्षेपार्ह ठरवले. कायद्याचा हेतू मोठ्या उद्योगांच्या साखळ्या मोडण्याचा आहे. एका खुर्चीच्या सलूनवाल्याला त्याच मापाने मोजणे कठोर आहे. तरीही दर जाहीर करणे आणि सगळ्यांनी एकच दर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिकवण्यासारखी आहे ती पहिली.

कात्री-वस्तऱ्याच्या कामाला हा तक्ता पुरेसा होता. केसांच्या रंगाने तो अपुरा पाडला.

रासायनिक रंगाची मुळे युरोपात आहेत. १८६३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन यांनी पॅराफेनिलीनडायमिन या पदार्थाचा रंग देण्याचा गुण नोंदवला. १९०७ मध्ये पॅरिसमध्ये यूजीन श्यूलर यांनी कृत्रिम केसरंग तयार केला आणि १९०९ मध्ये त्यासाठी कंपनी काढली. तीच पुढे लॉरिआल म्हणून ओळखली गेली. भारतात १९७४ मध्ये गोदरेजचा द्रवरूप हेअर डाय आला. नंतर पावडरची छोटी पाकिटे निघाली आणि कलप किराणा दुकानापर्यंत पोचला.

पाकिटामुळे सलूनमध्ये एक सरळ पद्धत रुजली आणि लहान गावांत ती आजही दिसते. गिऱ्हाईक दुकानातून पाकीट स्वतः विकत आणते, त्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, आणि कारागीर फक्त लावून देण्याचे व धुऊन देण्याचे पैसे घेतो. मालाची किंमत एकीकडे, मजुरी दुसरीकडे. केस रंगवण्याच्या दराची याहून स्वच्छ मांडणी आजवर झालेली नाही.

क्रीमच्या ट्यूब आणि मोठी पार्लरे आल्यावर ही मांडणी विस्कटली. नव्वदच्या दशकात उदारीकरणानंतर परदेशी कंपन्यांचा व्यावसायिक माल भारतीय सलूनमध्ये आला. माल सलूनचाच, त्यामुळे माल आणि मजुरी मिळून एकच आकडा सांगितला जाऊ लागला; त्यातला माल किती आणि हात किती हे गिऱ्हाइकाला दिसेनासे झाले. शिवाय कामाचे प्रकार वाढले. फक्त मुळांशी वाढलेले पांढरे केस झाकायचे तर टच-अप. सगळे केस एका रंगाचे करायचे तर ग्लोबल. काही बटा उजळायच्या तर हायलाइट्स. काळ्याभोर केसांवर फिकट रंग थेट चढत नाही, आधी ब्लीच करून मूळ रंग उतरवावा लागतो, मग हवी ती छटा द्यावी लागते. म्हणजे एकाच गिऱ्हाइकावर दोनदा-तीनदा माल आणि कित्येक तासांची बैठक.

मानेपर्यंतच्या केसांना जेवढी ट्यूब लागते तिच्या कितीतरी पट कंबरेपर्यंतच्या केसांना लागते. केस दाट असतील तर आणखी. मेंदीचा थर बसलेला असेल तर रंग धरण्याचा भरवसा नसतो आणि काम वाढते. ट्यूबमधला रंग ऑक्सिडायझरमध्ये कालवला की तो ठरावीक वेळातच वापरावा लागतो. उरलेला फेकूनच द्यावा लागतो. हा सगळा खर्च खरा आहे. म्हणून एकच ठोक आकडा लिहिणे कारागिरालाही परवडत नाही, आणि दरफलकावर आकड्यापुढे ‘पासून’ हा शब्द आला. सुरुवातीचा दर लिहायचा, शेवटचा बिलात सांगायचा. दोन्हींत किती अंतर पडेल हे रंग कालवण्याआधी सांगितले गेले नाही की त्या ‘पासून’ने फलकाचा उपयोगच संपतो, कारण डोक्याला रंग लागलेल्या माणसाला उठून जाता येत नाही.

स्त्री-पुरुषांसाठी वेगळे दर हाही याच काळातला वारसा. पुरुषांचे सलून आणि बायकांचे पार्लर वेगवेगळे वाढले, युनिसेक्स सलूनमध्ये ते एकत्र आले, पण तक्ते दोन राहिले. कॅलिफोर्नियाने १९९५ मध्ये कायदा करून सेवेचा दर केवळ ग्राहक स्त्री आहे की पुरुष यावरून वेगळा ठेवायला बंदी केली. लागणारा वेळ, कामाची कठीणता आणि खर्च यांवरून फरक करायला मात्र मुभा ठेवली. केसांच्या रंगाला हेच तत्त्व चपखल लागू पडते. दर केसांच्या लांबीवर आणि दाटीवर असावा. खांद्यापर्यंत केस वाढवलेला पुरुष आणि बॉबकट केलेली स्त्री यांच्यात जास्त माल कुणाला लागतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कराने बिलात आणखी एक ओळ घातली. ऑगस्ट २००२ पासून ब्यूटी पार्लरच्या सेवांवर सेवा कर आला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी, १८ टक्के. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सलूनला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे गल्लीतल्या सलूनच्या आकड्यात कर नसे आणि मॉलमधल्या सलूनच्या फलकाखाली बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’ असे लिहिलेले असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्क्यांवर आला आहे. मात्र सलूनने सामानावर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. तेव्हा १३ टक्क्यांची सगळी बचत गिऱ्हाइकाच्या खिशात जाईल असे गणित मांडणे चूक ठरेल.

दरफलकाशेजारी दुसरा फलक लावायची वेळ २०२० मध्ये आली. टाळेबंदीनंतर २८ जूनपासून महाराष्ट्रात सलून उघडायला परवानगी मिळाली ती मोजक्या कामांपुरती: केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग. दाढीसारख्या त्वचेशी संबंधित सेवांना मनाई होती, आणि हे दुकानात ठळक लिहून लावण्याचा आदेश होता. शतकानुशतके या व्यवसायाचा कणा असलेली दाढी बंद आणि केसांचा रंग चालू, असा उलटा प्रसंग त्याआधी कधी आला नव्हता.

त्याच वर्षी २० जुलैला नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला. परस्परांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्यास ग्राहकाला तक्रार करता येते आणि सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. केस रंगवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती असलेले हे सर्वांत भक्कम साधन आहे, पण दर आधी ठरला असेल तरच ते चालते. म्हणून सलूनने फलकावर केसांच्या लांबीचे तीन-चार टप्पे, प्रत्येक टप्प्याला माल आणि मजुरीचा वेगळा आकडा आणि करासह एकूण रक्कम लिहावी; आणि गिऱ्हाइकाने रंग कालवण्याआधी ती रक्कम कागदावर मागून घ्यावी.