सुझन कॅल्व्हिन व तिच्या नामभगिनी

नामसाम्यावरून नातें जोडणें हा दोष आम्हीं वर्गांत विद्यार्थ्यांना वारंवार दाखविला आहे. आज तो आमच्याच हातून घडत आहे.

आयझॅक असिमॉव्ह यानें १९४१ सालीं ‘लायर!’ या कथेंत डॉ. सुझन कॅल्व्हिन हिला प्रथम वाचकांसमोर आणलें. यंत्रमानवांच्या मनाची परीक्षा करणारी, अडतीस वर्षांची, थंड स्वभावाची ही विदुषी. मन वाचणारा एक यंत्रमानव तिला सांगतो कीं, अमुक सहकाऱ्याचें तुझ्यावर प्रेम आहे. आणि ही बाई ओठांना रंग लावूं लागते! मनुष्यास इजा करूं नये हा त्याचा पहिला नियम, व सत्य सांगितलें तर तिचें मन दुखावणार, म्हणून तो खोटें बोललेला असतो. सहकाऱ्याचा विवाह दुसरीशीं ठरला आहे हें कळतांच ती त्याला अशा कोड्यांत कोंडते कीं, त्याची बुद्धि कायमची बंद पडते.

पुरुषानें कल्पिलेल्या या सुझनला नांव, पदवी व अधिकार आरंभापासूनच मिळाले. खऱ्या लेखिकांचें तसें नव्हतें. एडिंबरोच्या सुझन फेरिअरच्या ‘मॅरेज’ (१८१८), ‘दि इन्हेरिटन्स’ (१८२४) व ‘डेस्टिनी’ (१८३१) या तिन्ही कादंबऱ्या प्रथम निनांवी निघाल्या, आणि त्याहि सर वॉल्टर स्कॉटसारखा चाहता असतांना. अमेरिकेंत सुझन वॉर्नरच्या वडिलांची संपत्ति १८३७ च्या आर्थिक अरिष्टांत बुडाली. पोटासाठीं लिहिलेली ‘दि वाइड, वाइड वर्ल्ड’ १८५० सालीं निघाली व अफाट खपली, पण मुखपृष्ठावर नांव होतें एलिझाबेथ वेदरेल.

सुझन ग्लॅस्पेलला असा आडोसा घ्यावा लागला नाहीं. १९३१ सालीं तिला नाटकाचें पुलित्झर पारितोषिकहि मिळालें. तिच्या ‘ट्रायफल्स’ (१९१६) या एकांकिकेंत एका शेतकऱ्याचा खून झाला आहे, आणि संशय त्याच्या बायकोवर आहे. पुरुष अधिकारी घरभर पुरावा शोधतात व स्वयंपाकघरांतील ‘क्षुल्लक’ वस्तूंना हसतात. तेथेंच दोन स्त्रियांना गोधडीचे विस्कटलेले टांके व मान मुरगळलेला पक्षी सांपडतो. त्या दुर्दैवी स्त्रीनें काय सोसलें तें त्या ओळखतात, आणि पुरावा लपवितात.

दयेपोटीं केलेली लपवालपवी येथेंहि आहे. डॉ. कॅल्व्हिननें ती यंत्राला क्षमा केली नाहीं. ग्लॅस्पेलनें आपल्या दोघींना केली. आम्हांस ग्लॅस्पेलची बाजू अधिक पटते. मात्र ओठांना रंग लावून फसलेल्या त्या अडतीस वर्षांच्या बाईचा संतापहि आम्हांस खोटा वाटत नाहीं.