सोलापुरी ज्वारी (शाळू)

सोलापूर जिल्ह्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकणारी रब्बी हंगामातील पांढरी ज्वारी. शास्त्रीय नाव सॉर्गम बायकलर. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. दाणे भरताना पाऊस सहसा नसतो. त्यामुळे खरीप ज्वारीसारखा दाणा काळा पडत नाही.

सोलापुरात ज्वारीचे प्रकार जमीन आणि उपयोग यांवरून ओळखले जातात.

प्रकार : मालदांडी हा सर्वांत प्रसिद्ध वाण. दाणा टपोरा, मोत्यासारखा. भाकरी मऊ व गोडसर. कडबा जनावरे आवडीने खातात. स्थानिक मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात ‘मालदांडी ३५-१’ हा वाण निवडला गेला. दगडीचा दाणा नावाप्रमाणे कठीण असतो. गुळभेंडी हुरड्यासाठी लावतात. तिचे कोवळे दाणे गोड असून चोळताच कणसातून सुटतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले : हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा. फुले पंचमी लाह्यांसाठी, तर फुले रोहिणी पापडांसाठी आहे.

मंगळवेढा : येथील खोल काळी जमीन ओल दीर्घकाळ धरून ठेवते. त्यामुळे हा तालुका ‘ज्वारीचे कोठार’ म्हणून ओळखला जातो. दुष्काळात संत दामाजीपंतांनी बादशाही कोठारे रयतेसाठी खुली केल्याची परंपरा याच गावची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

उपयोग व संशोधन : ज्वारीत ग्लुटेन नसल्याने पीठ उकळत्या पाण्यात मळून भाकरी थापतात. पातळ, कुरकुरीत कडक भाकरी बरेच दिवस टिकते. शेंगाचटणीबरोबर ती सोलापूरची ओळख ठरली आहे. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३३ पासून चालू आहे. खोडमाशी आणि खडखड्या रोग हे या पिकाचे मुख्य शत्रू होत.

पाण्याची हमी नसलेल्या या जिल्ह्यात माणसाला धान्य आणि जनावराला वैरण एकाच ताटातून देणारे दुसरे पीक नाही. म्हणून सुधारित वाणांबरोबर गुळभेंडी, दगडी यांसारख्या गावरान वाणांचे बियाणेही शेतकऱ्यांनी राखले पाहिजे.