सॉसेजचं विष आणि काखेतला घाम

आजचा विषय ऐकून काही जण आधी आवाज कमी करतील, शेजारी बसलेल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. हरकत नाही, करा. विषय आहे काखेतला घाम, आणि तो थांबवण्यासाठी देतात ते इंजेक्शन. या इंजेक्शनचा इतिहास जर्मनीतल्या एका खेड्यापाड्यात फिरणाऱ्या डॉक्टरपासून सुरू होतो, त्यात युद्धाची प्रयोगशाळा येते, तिरळे डोळे येतात, आणि शेवटी माझी काख येते. हो, माझी. म्हणून हा भाग करायला मी वर्षभर टाळाटाळ केली.

मी आठवीत होते. बाईंनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. गणित येत होतं. हात वर करून लिहायला लागले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. डिसेंबर महिना, डोक्यावर पंखा, आणि माझ्या युनिफॉर्मच्या काखेत ताटलीएवढा ओला डाग. त्यानंतर मी वर्गात हात वर करणं सोडून दिलं, उत्तर येत असलं तरी. पुढे कॉलेजात फक्त काळे किंवा पांढरे कपडे. लोकलमध्ये वरचं हँडल धरायचं नाही, दाराजवळच्या दांड्याला चिकटून उभं राहायचं. शिंपीकाकांना ब्लाउजच्या काखेत जाड अस्तर लावायला सांगायचं. आजी म्हणायची, "अगं, तुरटी फिरव, जातंय." फिरवली. थोडं कमी व्हायचं, मग परत तेच.

आपल्याकडे घाम गाळणं मानाचं. दरदरून घाम फुटतो तो भीतीने. मला यातलं काहीच नसायचं, मी नुसती बसलेली असायचे. याला डॉक्टरी भाषेत हायपरहायड्रोसिस म्हणतात. शरीर थंड ठेवायला जितका घाम लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त घाम. काखेतल्या ग्रंथी चांगल्या असतात, त्यांना येणारे नसांचे संदेशच जास्त असतात. अमेरिकेत २००४ मध्ये छापल्या गेलेल्या एका मोठ्या पाहणीत साधारण २.८ टक्के लोकांना हा त्रास आढळला, म्हणजे शंभरात जवळजवळ तीन जण. त्यातल्या फक्त ३८ टक्के लोकांनी तो कधी डॉक्टरांना सांगितला होता. बाकीचे काय करत असतील? काळे कपडे घेत असतील, दुसरं काय.

आता जर्मनीत जाऊ. तिथल्या नैऋत्येला व्युर्टेम्बर्ग नावाचं राज्य होतं. नेपोलियनच्या लढायांनी लोक कंगाल झालेले, स्वच्छतेचे तीन तेरा. डुकराचं रक्त आणि मांस आतड्यात किंवा पोटाच्या पिशवीत भरून, धुरी देऊन साठवायचं, हे तिथलं गरिबाचं अन्न. त्यालाच सॉसेज म्हणतात. गोव्यात चोरीस पाहिलं असेल तर प्रकार लक्षात येईल. नीट न शिजलेलं, आत ओलं राहिलेलं सॉसेज खाऊन माणसं मरायला लागली. मरणही विचित्र. पापण्या खाली येतात, एकाचे दोन दिसायला लागतात, गिळता येत नाही, हातपाय ढिले पडतात, श्वास थांबतो. आणि हे सगळं होत असताना माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर.

युस्टिनुस केर्नर हा तिथला सरकारी डॉक्टर. शिवाय नावाजलेला कवी. त्याच्या कवितांना पुढे शूमान या मोठ्या संगीतकाराने चाली लावल्या. तर हा कवी-डॉक्टर अशा रोग्यांच्या नोंदी ठेवायला लागला. १८२० मध्ये त्याने ७६ रोग्यांची माहिती छापली, १८२२ मध्ये १५५ जणांची. खराब सॉसेजमधून अर्क काढून त्याने तो मांजरांना, सशांना, बेडकांना दिला. आणि मग, सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो, त्याने त्याचे थेंब स्वतःच्या जिभेवर टाकले. तोंड आणि घसा कोरडा पडला.

हा कोरडेपणा इथे महत्त्वाचा आहे. पक्षाघातासारखी लक्षणं कुणाच्याही नजरेत भरली असती. केर्नरने त्यासोबत हेही टिपलं की लाळ आटते, अश्रू आटतात, कातडी कोरडी पडते. त्याने अंदाज बांधला की हे विष नसांमधून जाणारा संदेश तोडतं, स्नायूंकडे जाणारा आणि शरीरातले स्राव चालवणाराही. पुढे तर त्याने लिहून ठेवलं की अगदी कमी मात्रेत हे विष औषध म्हणून चालेल, हातपाय आपोआप झटकणाऱ्या रोगात, आणि अंगातले स्राव प्रमाणाबाहेर वाढतात त्या विकारांतही. १८२२ साली! तेव्हा जंतू रोग करतात हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, विष तयार करणारा जिवाणू तर दूरच. म्हणजे माझ्या उपचाराची कल्पना दोनशे वर्षांपूर्वी कागदावर उतरली होती.

मग लगेच का नाही झालं? खरं कारण साधं आहे, विष हातात नव्हतं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल गावात एका अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि बरेच जण आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हॅन एर्मेंगेम या प्राध्यापकाने त्या मांसातून आणि मृतांच्या शरीरातून जिवाणू वेगळा काढला. लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात, त्यावरून विषाचं नाव बोट्युलिनम. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने याच विषाचं शस्त्र करता येईल का म्हणून फोर्ट डेट्रिकमध्ये काम सुरू केलं, आणि १९४६ पर्यंत ते शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळालं. माणसं मारण्यासाठी शुद्ध केलेल्या वस्तूचं पुढे औषध झालं.

या मधल्या काळात घामाचं काय चाललं होतं? घाम विकला जात होता. म्हणजे त्याची लाज विकली जात होती. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एका सर्जनने शस्त्रक्रियेच्या वेळी हात घामेजू नयेत म्हणून एक द्रव बनवला होता. त्यात अॅल्युमिनियम क्लोराइड होतं. त्याच्या मुलीने, एडना मर्फीने, तो काखेत लावून पाहिला आणि 'ओडोरोनो' नावाने विकायला काढला. द्रव आम्लयुक्त, कपडे खायचा, कातडी चुरचुरायची. बायका विकत घेईनात, कारण आपल्याला घामाचा प्रश्न आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. मग १९१९ मध्ये एका महिलांच्या मासिकात जाहिरात आली. तिचा सूर असा की, बाई, तुला वास येतो आणि तुझ्या तोंडावर कुणी सांगणार नाही. जवळपास २०० वाचकांनी रागाने मासिक बंद केलं. कंपनीची विक्री मात्र एका वर्षात ११२ टक्क्यांनी वाढली. मागच्या बाकावरचं ते हसू कुठून आलं असेल, त्याचा एक धागा मला इथे सापडतो.

जाता जाता, आजीची तुरटी हासुद्धा अॅल्युमिनियमचाच क्षार. आजी अगदीच चुकीची नव्हती. हे क्षार घामाच्या नळीचं तोंड तात्पुरतं बुजवतात. माझ्यासारख्याला तेवढं पुरत नाही.

ज्यांना पुरत नव्हतं त्यांच्यासाठी थेट शस्त्रक्रिया होती. घामाचे संदेश नेणारी नसांची साखळी छातीत तोडायची. १९२० पासून हे होतंय. घाम थांबतो, पण अनेकांना मग पाठीला, पोटाला, मांड्यांना तो दुपटीने फुटतो. तोडलेली नस काही परत जोडून मिळत नाही. मी हे वाचलं तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि दोन रात्री झोपले नव्हते.

आता विषाकडे परत. सॅन फ्रान्सिस्कोमधले नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी काही करता येईल का ते शोधत होते. डोळा एका बाजूला ओढणारा स्नायू थोडा ढिला केला तर डोळा सरळ होईल, एवढा साधा विचार. फोर्ट डेट्रिकमध्ये काम केलेल्या एडवर्ड शँट्झ यांनी त्यांना शुद्ध विष पुरवलं. १९७३ मध्ये माकडांवरचे प्रयोग छापले गेले, १९८० मध्ये माणसांवरचे. १९८९ च्या डिसेंबरात अमेरिकेने तिरळेपणा आणि पापण्या आवळणाऱ्या आजारासाठी त्याला मंजुरी दिली. तेव्हा त्याचं नाव ऑक्युलिनम होतं. कंपनी बदलली आणि नाव झालं बोटॉक्स. कॅनडातल्या कॅरुथर्स दांपत्याच्या लक्षात आलं की पापण्यांसाठी इंजेक्शन घेतलेल्यांच्या कपाळावरच्या आठ्या जातात. पुढची गोष्ट तुम्हाला सिनेतारकांच्या बातम्यांतून माहीत आहे.

घामाची गोष्टही अशीच, फक्त तिला बातमी मिळाली नाही. चेहऱ्याची एक बाजू सतत फडफडते असा एक आजार आहे, त्यावरही हे इंजेक्शन देत. खलफ बुशारा आणि डी. एम. पार्क या ब्रिटनमधल्या डॉक्टरांना दिसलं की जिथे टोचलं तिथे घाम येत नाही. दुष्परिणाम म्हणून सोडून देता आलं असतं. त्यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत ते टोचून खात्री केली आणि १९९४ मध्ये छापलं. १९९६ मध्ये त्यांच्या गटाने काखेतल्या घामावरचा संभाव्य उपचार म्हणून ते मांडलं. केर्नरनंतर १७२ वर्षांनी 'कातडी कोरडी पडते' या नोंदीचा कुणीतरी उपयोग केला.

हे होतं कसं, ते थोडक्यात. नसेच्या टोकाला असिटिलकोलिन नावाचं रसायन छोट्या पिशव्यांत भरून तयार असतं. संदेश आला की पिशवी नसेच्या भिंतीला चिकटते, फुटते, रसायन बाहेर पडतं आणि घामाची ग्रंथी सुरू होते. पिशवी चिकटवणारं एक प्रथिन हे विष कापून टाकतं. म्हणजे डबेवाला स्टेशनवर आलाय, डबा भरलेला आहे, पण गाडीचं दारच उघडत नाही. गंमत अशी की शरीरातल्या या प्रकारच्या बहुतेक नसा वेगळं रसायन वापरतात. घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या नसा तेवढ्या स्नायूंसारखं असिटिलकोलिन वापरतात. हा अपवाद नसता तर हा उपचारच नसता.

२००१ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी १४५ रोग्यांवर एक अभ्यास केला, मला तो फार आवडतो. प्रत्येकाच्या एका काखेत औषध, दुसऱ्या काखेत नुसतं पाणी. सुरुवातीला काखेतून मिनिटाला सरासरी १९२ मिलिग्रॅम घाम निघत होता. दोन आठवड्यांनी औषधाच्या काखेत २४, पाण्याच्या काखेत १४४. विचार करा, त्या दोन आठवड्यांत त्या लोकांचा अर्धा शर्ट कोरडा आणि अर्धा ओला. नंतर दुसऱ्या काखेलाही औषध दिलं. ९८ टक्के जण म्हणाले, इतरांना आम्ही हे जरूर सुचवू. त्याच वर्षी ब्रिटनने काखेसाठी मंजुरी दिली. अमेरिकेने २००४ मध्ये. भुवयांमधल्या आठ्यांना मात्र अमेरिकेने २००२ मध्येच मंजुरी दिली होती. आठी आधी, काख नंतर. मला याचा राग येतो, लपवत नाही.

मी इंजेक्शन घेतलं गेल्या मार्चमध्ये. आधी काखेत आयोडीन लावलं, सुकल्यावर वर स्टार्चची पूड. जिथे घाम येतो तिथे काळंनिळं होतं. व्हिक्टर मायनर या मॉस्कोतल्या डॉक्टरने १९२८ मध्ये दिलेली ही चाचणी अजून तशीच चालते. माझी अख्खी काख दौत सांडल्यासारखी झाली. डॉक्टर बाई म्हणाल्या, "बघ, तुझ्या मनाचे खेळ नव्हते हे." मी तिथे रडले. मग एकेका काखेत ५० युनिट, दहा-पंधरा बारीक टोचण्या, कातडीच्या अगदी वरच्या थरात. दुखतं, पण सोसवतं. आठवड्याभरात घाम गेला.

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. परिणाम कायमचा नाही, बहुतेकांना काही महिने, मग परत टोचावं लागतं, आणि खर्च कमी नाही. माझ्या पगारातून तो सहज निघत नाही. दुसरं, हे विषच आहे. २००४ मध्ये फ्लोरिडात चार जणांना औषध नसलेलं, प्रयोगशाळेसाठीचं विष टोचलं गेलं आणि चौघांना पक्षाघात झाला. २००९ पासून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा असतो, की परिणाम टोचलेल्या जागेबाहेर पसरू शकतो. त्यामुळे पार्लरमध्ये स्वस्तात मिळतंय म्हणून कृपा करून जाऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गरोदर असाल किंवा स्नायूंचा काही आजार असेल तर ते आधी सांगा.

एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा राखाडी रंगाचा कुर्ता घेतला. ज्यांना हा त्रास आहे त्यांना कळेल, राखाडी म्हणजे काय ते. डोंबिवलीहून गाडीत चढले, हँडल धरलं आणि ठाण्यापर्यंत तसाच हात वर ठेवला. दुखायला लागला तरी.

आता ऑक्टोबर संपत आलाय आणि गेल्या आठवड्यात कुर्त्यावर पुन्हा एक छोटा डाग दिसला. आई म्हणते, एवढे पैसे घालण्यापेक्षा दिवाळीला काहीतरी घे. मी पुढच्या मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.

पुढचा भाग तुरटीवर आहे. आजीने स्वतः माइकसमोर बसायचं कबूल केलंय, पण 'काख' हा शब्द उच्चारणार नाही म्हणते. बघू कसं जमतंय. भेटू.