आयसेनहॉवरचं पत्र आणि थोरातांची तुकडी

२७ जुलै १९५३. कोरियातलं युद्ध थांबलं, पण ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परतायचंच नव्हतं, त्यांचं काय करायचं? त्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग बसला. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. कैदी सांभाळायचं काम मात्र एकट्या भारतीय तुकडीकडे. तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे, मेजर जनरल शंकरराव थोरात.

दक्षिण कोरियाने या सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. मग हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथे बावीस हजारांहून जास्त कैदी, चिडलेले आणि घाबरलेले. सप्टेंबरमध्ये त्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेलं. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, बोलत राहिले आणि रक्त न सांडता त्याला सोडवून आणलं. दरवेळी हे जमलं नाही. ऑक्टोबरमध्ये गोळीबार झाला, काही कैदी मेले.

१९५४ मध्ये काम संपलं. अमेरिकेचे अध्यक्ष होऊन जेमतेम वर्ष झालेल्या आयसेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून या सैनिकांचे आभार मानले. आयसेनहॉवर स्वतः महायुद्धातले सेनापती. बंदूक हातात असताना ती आवरणं किती अवघड असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती!